कव्हरावरच्या आठ खिडक्या

८ ऑक्टोबर १९९५, रविवार, संध्याकाळचे साडेसहा. मागणी पाचशे एक रुपयांची. जागा मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीचं तळमजल्यावरचं ऑफिस. हजर: समितीचे नऊ सभासद, त्यांत अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार, मी, आणि माझी मुलगी, वय सतरा, बारावीत. दंडाच्या रकमेवरही शगुनाचा एक रुपया चढवलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दंड एका कॅसेटबद्दल होता. मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच गाणी रचली, एकीच्या घरच्या डबल डेकवर ती भरली आणि साठ प्रती काढल्या. दोन गाणी इंग्रजी, तीन हिंदी. किंमत वीस रुपये. सप्टेंबरअखेरपर्यंत एकेचाळीस खपल्या होत्या, बहुतेक आमच्याच आणि शेजारच्या सोसायटीत. कव्हर मुलीनं काढलं होतं: समोरच्या पार्कातून दिसणारी आमची इमारत, काळ्या शाईत. सहा मजले, एकेका मजल्यावर आठ खिडक्या. त्या अठ्ठेचाळीसांपैकी आठ तिनं कोऱ्या ठेवल्या होत्या, म्हणजे उजळ. बाकी सगळ्या काळ्या.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथं आलो तेव्हा घरात दोन चॅनल दिसत. मग केबलवाला आला आणि एका महिन्यात सव्वीस दिसू लागली. त्यातल्या एकावर दिवसभर गिटारवाले ओरडत. मुलीनं ते उचललं. कॅनॉट प्लेसच्या तळघरातल्या बाजारातून ती परदेशी बँडच्या कॅसेटी आणी आणि माझं भिंग घेऊन त्यांची कव्हरं पाहत बसे. मी त्या भिंगानं बिलांवरचे पुसट आकडे वाचत असे, त्यामुळे त्याची जागा बदललेली मला लगेच कळे.

"काय शोधतेस एवढं?" मी एकदा विचारलं.

"हे लोक मुद्दाम लपवतात, बाबा. कुठं गाडीच्या नंबरप्लेटवर तारीख असते, कुठं ढगात चेहरा. कोणी गाण्यात मध्येच एखादं वाक्य उलटं भरून ठेवतं."

"आणि सापडलं की काय मिळतं?"

"काही नाही. सापडतं, बस."

हे उत्तर मला पटलं. माझी नोकरी केंद्र सरकारच्या ऑडिटमधली. तिथंही सापडल्यावर मला काही मिळत नसे.

सप्टेंबरात एका हिंदी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला. विलायती रॉक संगीत उलटं वाजवलं तर त्यात सैतानाचे आदेश ऐकू येतात आणि कव्हरांवर त्याच्या खुणा असतात, असा त्याचा सूर होता. आमच्या सेक्रेटरींनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी अकरा गुण मिळाले, आणि तिच्या दप्तरात आमची कॅसेट निघाली. अकरा गुण पाहून बापाला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. मलाही मुलगीच होती. पण त्याचं खापर फोडायला त्यांनी जे डोकं निवडलं ते माझ्या घरातलं होतं.

गुरुवारी चौकीदार एक लिफाफा देऊन गेला. आत दोन कागद. एक दंडाचा. दुसरा टाइप केलेला माफीनामा, मुलीनं सही करायचा: मी कॅसेटमध्ये आणि तिच्या चित्रात घातक स्वरूपाचे गुप्त संदेश हेतुपुरस्सर घातले, याबद्दल मला खेद आहे. खाली लिहिलं होतं, प्रत शाळेच्या मुख्याध्यापिकांना.

पुढच्या वर्षी तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. अर्जासोबत मुख्याध्यापिकांचं शिफारसपत्र लागणार होतं. हा कागद त्यांच्या टेबलावर पोचला असता तर त्या शिफारसपत्राचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाबा, द्या ना यार, करून टाकते सही," मुलगी म्हणाली. "रडून रडून सेक्रेटरी आंटींनी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतलीय. पाच मिनिटांचं काम आहे. मी सेक्रेटरी अंकलना सांगते, शाळेत नका पाठवू."

"बाबांना यार म्हणू नकोस," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू संदेश घातलेस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग कागदावर घातलेस असं का लिहायचं?"

"कारण ते सोडणार नाहीत."

मी तिला सांगितलं की चोवीस वर्षांच्या नोकरीत मी न पाहिलेल्या मालाच्या नोंदीवर सही केलेली नाही. फरीदाबादच्या एका गोदामात मॅनेजरनं जेवायला घातलं, मग धमकी दिली, मग मेव्हण्याच्या नोकरीचं आमिष दाखवलं, तरी केली नाही. त्यामुळे दोन बढत्या उशिरा मिळाल्या. त्या उशिरानं माझं काही बिघडलं नाही. तिनं डोळे फिरवले. ही गोष्ट तिनं आधी ऐकली होती.

शनिवारी सकाळी मी कव्हर, गाण्यांची वही आणि भिंग घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. समितीपुढं जायचं तर आधी आपला माल आपण तपासायला हवा. मुलीला समोर बसवलं.

"लपवलेलं काही आहे यात?"

तिनं कव्हर स्वतःकडे ओढलं. "एक आहे."

"दाखव."

तिनं बोट ठेवलं. एवढ्या बारीक चित्रात ते मला भिंगातूनही दुसऱ्या खेपेला दिसलं. तिघी मैत्रिणींपुरती एक खूण होती. "हे आमचं आहे हं बाबा. मीटिंगमध्ये सांगू नका."

"बरं. आणि या उजळ खिडक्या? त्या कशा ठरवल्यास?"

"ठरवल्या कुठं? दिसल्या तशा काढल्या. जूनमध्ये लाइट गेली होती ना, तेव्हा पार्कात बसून स्केच केलं. अंधारात बिल्डिंग मस्त दिसत होती."

मी कव्हर पुन्हा हातात घेतलं. "लाइट गेली होती, तर या आठ खिडक्यांत उजेड कुठला?"

"ते मला काय माहीत?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी सात ते साडेआठ वीज जाई, महिन्यातून पंचवीसेक दिवस तरी. सोसायटीचा जनरेटर होता, पण तो लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढ्यासाठीच. डिझेलचा खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाई. घरांना त्यातून वीज नव्हती. निदान मी तसं समजत होतो. माझी ऑफिसची चार्टर्ड बस फरीदाबादहून पावणेनऊला पोचे, सप्टेंबरपर्यंत कामाच्या ओझ्यानं शनिवारीही, आणि रविवारी बहुतेक वीज जात नसे. त्यामुळे तो दीड तास मी माझ्या इमारतीत कधी पाहिलेलाच नव्हता.

मेणबत्ती असेल, एमर्जन्सी लॅम्प असेल, असं मी म्हणून पाहिलं. मुलगी म्हणाली, मेणबत्ती पिवळी असते आणि हलते, लॅम्पचा उजेड खिडकीभर पसरत नाही, मी ते पेन्सिलनं वेगळं दाखवलं असतं. तिच्या डोळ्यावर माझा विश्वास होता. मी मजले मोजून खिडक्यांना फ्लॅट नंबर दिले. पहिल्या मजल्यावर दोन, तिसऱ्यावर दोन, पाचव्यावर एक, सहाव्यावर दोन. पाचव्यावरची सेक्रेटरींची होती. आठवी चौथ्या मजल्यावर, डावीकडून तिसरी. मी दोनदा मोजलं. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आपल्याकडे लाइट गेल्यावर इथं बल्ब लागतो?"

"लागतो की," बायको पोळी लाटत म्हणाली. "हा ओट्यावरचा. मे महिन्यात सोसायटीचा इलेक्ट्रिशियन जोडून गेला, जिन्याच्या लाइनीवरून. वीस रुपये घेतले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, तो म्हणाला सगळ्यांना देतोय. मला वाटलं सोसायटीचंच आहे. आणि काय सांगायचं त्यात? तुम्ही पावणेनऊला येता आणि पोळ्या गरम लागतात. त्या अंधारात होतात असं वाटत होतं तुम्हाला?"

मी टेबलाशी परत आलो आणि यादीत आठवा नंबर आमचा लिहिला.

दुपारी मी सभासद म्हणून जनरेटरचं रजिस्टर मागितलं. खजिनदार भला माणूस, त्यानं का कशाला न विचारता दिलं. एप्रिलपर्यंत तासाला तीन लिटर डिझेल. मेपासून चार. पाच महिने, पंचवीस दिवस, रोज दीड तास: एकशे साडेसत्त्याऐंशी तास आणि तितकेच लिटर जादा. डिझेल तेव्हा आठ रुपयांच्या आतबाहेर होतं. म्हणजे दीड हजार रुपये. माझ्या मुलीच्या दंडाच्या तिप्पट, त्याला तीन रुपये कमी.

रात्री जेवताना मी दोघींना सांगितलं की उद्या मी हे बोलणार आहे, आणि आपली खिडकीही धरून बोलणार आहे.

"आपली कशाला?" मुलगी म्हणाली. "सात सांगा ना."

"चित्रात आठ आहेत."

"मग मलाच चोर ठरवा चार माणसांत," बायको म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "सांगा. त्या माफीनाम्यापेक्षा ते बरं. निदान खरं तरी आहे."

अशी ती बैठक. सेक्रेटरींनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला होता. कॅसेट उघडून, फितीला अर्धा पीळ देऊन परत गुंडाळली की गाणं उलटं आणि जरा घोगरं वाजतं. ती करामत त्यांनी करवून आणली होती.

"आप लोग खुद सुन लीजिए," ते म्हणाले. "तीसरा गाना. इसमें साफ़-साफ़..."

"थांबा," मी म्हणालो, अर्थात हिंदीतच. "काय ऐकू येतं ते आधी सांगू नका. ऑडिटमध्ये गोदामातला माल मोजायला माणूस पाठवतो तेव्हा त्याला वहीतला आकडा सांगत नाही. सांगितला की तो तेवढाच मोजून येतो."

मी नऊ चिठ्ठ्या वाटल्या. एक सेक्रेटरींनाही दिली. गाणं बंद पडलेल्या लिफ्टवरचं होतं. ते दोन मिनिटं उलटं वाजलं आणि सगळ्यांनी चिठ्ठ्या परत दिल्या. मग अध्यक्षांनी, ते लष्करातून निवृत्त झालेले होते, चिठ्ठ्या वाचल्या. चार जणांनी लिहिलं होतं, काही कळलं नाही. एकानं, पानी आ गया. एकानं, कोणीतरी उलटी करतंय. खजिनदारानं लिहिलं होतं, ट्रक मागे घेताना होतो तसा आवाज. एक चिठ्ठी कोरी. सेक्रेटरींच्या चिठ्ठीवर होतं, शैतान को बुलाओ.

"एक के मुकाबले आठ," अध्यक्ष म्हणाले.

"पानी आ गया वालों को तो बुलाना ही चाहिए," कोणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. माझ्या मुलीनंही खाली मान घालून हसू दाबलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी कव्हर पुढं केलं. लाल पेन्सिलीनं त्यांनी उजळ खिडक्या जोडल्या होत्या आणि त्यातून एक पाच टोकांचा तारा काढला होता.

"यह निशान उसी का है. अख़बार में छपा है."

"पाच टोकं," मी म्हणालो. "खिडक्या आठ आहेत. उरलेल्या तीन?"

"वो... वो सजावट के लिए होंगी."

"नाही. आठही एकाच कारणानं उजळ आहेत. मुलीनं हे चित्र वीज गेलेली असताना पार्कात बसून काढलं. तिला दिसलं ते तिनं काढलं." मी रजिस्टर उघडून ठेवलं आणि तीन लिटरचे चार कधी झाले ते दाखवलं. मग फ्लॅट नंबर वाचले. सहा वाचून झाले तेव्हा खोलीतले दोन सभासद खिडकीबाहेर पाहू लागले होते. सातवा सेक्रेटरींचा. "आणि आठवा माझा. स्वयंपाकघरातला चाळीस वॉटचा बल्ब. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ही सबब नाही, फक्त माहिती म्हणून सांगतो."

"यह कहाँ से आ गया बीच में?" सेक्रेटरी उसळले. "बात बच्चों के बिगड़ने की हो रही है, भाईसाहब. आप डीज़ल ले आए."

"तुम्ही म्हणालात चित्रात गुप्त संदेश आहे. मी तो वाचून दाखवला."

अध्यक्ष उठले. "चलो. मेन गिराओ, जनरेटर चलाओ. नीचे पार्क से देख लेते हैं."

आम्ही अकरा जण रस्ता ओलांडून पार्कात गेलो. चौकीदारानं मेन पाडला आणि सबंध इमारत एकदम नाहीशी झाली. जनरेटर खोकला, सुरू झाला, जिन्याचे दिवे लागले. मग खिडक्या. पहिल्या मजल्यावरच्या दोन. सहाव्यावर एक. तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर आमची: बायको घरीच होती आणि तिनं बल्ब बंद केला नव्हता. बंद करशील का, असं मी विचारलं नव्हतं आणि करू का, असं तिनंही नाही. पाचवा मजला मात्र काळा होता.

"देखिए," सेक्रेटरी म्हणाले. "मेरे यहाँ कुछ नहीं."

अर्धं मिनिट गेलं असेल. मग पाचव्या मजल्यावर उजेड झाला, ट्यूबलाइटचा, दोनदा लपलपून. खिडकीत त्यांच्या पत्नी आल्या आणि खाली इतकी माणसं का उभी आहेत ते पाहू लागल्या.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाबा, मी काढलं होतं ते अगदी असंच दिसत होतं ना?" मी म्हटलं, सहाव्यावरची एक सोडली तर असंच. ती त्या एका खिडकीकडे पाहत राहिली.

परत खोलीत आल्यावर वाटलं होतं संपलं. संपलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, विजेचं आपण नंतर बघू, ते वेगळं. मुलीनं माफीनाम्यावर सही करावी, दंड हवा तर माफ करू. शाळेला पाठवणार नाही, फक्त फाइलला राहील. "बच्ची है. एक साइन से क्या जाता है?"

खोलीतल्या बऱ्याच जणांना ते बरं वाटलं, ते मला दिसत होतं. सगळ्यांना घरी जायचं होतं. दंडाचे पाचशे एक वाचत होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "तिनं काही लपवलेलं नाही असं मी म्हणणार नाही. चित्रात एक गोष्ट लपवलेली आहे. मी ती पाहिली आहे. तिच्यानं कोणाचं एका पैशाचं नुकसान होत नाही. ती काय आहे ते मी या खोलीत सांगणार नाही, आणि उद्या तुम्ही नोटीस काढलीत तरी सांगणार नाही. ज्यानं नुकसान होत होतं ते तुम्ही आत्ता खाली उभे राहून पाहिलं. त्यावर माफी मागणारा कागद कोणी टाइप केलेला नाही."

"आप बात को बढ़ा रहे हैं, ऑडिटर साहब."

"हो."

माफीनामा टेबलावर होता. दुसऱ्याचा कागद मी फाडत नाही. सहीच्या जागेवर मी आडवं लिहिलं: मजकूर खोटा, सही नाकारली. खाली माझी सही, तारीख, वेळ सात वाजून चाळीस मिनिटं. मग पेन मुलीपुढं धरलं. तिनं विचारलं, "मी पण?" मी म्हटलं, नाकारतेय ती तूच. तिनं माझ्या सहीखाली तिची सही केली, चित्राच्या कोपऱ्यात करते तीच, तिरकी. तो कागद मी अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हणालो की हा फाइलला लावा, आणि शाळेत पाठवायचा असेल तर हाच पाठवा.

तो कुठं पाठवला गेला नाही. शिफारसपत्र डिसेंबरात मिळालं. सेक्रेटरी त्यानंतर वर्षभर माझ्याशी लिफ्टमध्ये बोलले नाहीत; लिफ्ट सहा मजल्यांची असल्यानं ते तसं फार अवघड गेलं नाही. त्यांची मुलगी मात्र पुढल्याच आठवड्यात आमच्याकडे गणिताची वही घेऊन आली आणि जाताना एक कॅसेट विकत घेऊन गेली. वीस रुपये रोख.

इलेक्ट्रिशियननं जोडलेल्या तारा त्याच मंगळवारी काढल्या गेल्या. आठ फ्लॅटांकडून वसुली करावी असा ठराव झाला, रक्कम ज्यानं त्यानं ठरवायची. मी आमच्या बल्बचा हिशेब केला: एकशे साडेसत्त्याऐंशी तास, चाळीस वॉट, साडेसात युनिट, जनरेटरचं युनिट चार रुपयांना पडत होतं. खजिनदार म्हणाला, रहने दीजिए, इतने के लिए कौन रसीद फाड़े. मी म्हटलं, फाडा. पाचशे एक रुपये मी कोणालाही दिले नाहीत. तीस रुपये मी १० ऑक्टोबरला सोसायटीच्या खजिनदाराला दिले आणि पावती बायकोच्या नावानं घेतली, कारण बल्ब तिचा होता, असं तिचं म्हणणं पडलं.